इस्त्री केलेलं दुःख

डिसेंबरची संध्याकाळ द्राक्षमळ्यांवर उतरू लागली, की गंगापूर धरणाकडून येणारा गार वारा आधी ताईच्या पदराला भेटायचा आणि मग माइकला. गाताना ती डोळे मिटत नसे. वायनरीच्या अंगणातल्या पिवळ्या दिव्यांखाली उभी राहून ती समोरच्या अंधाराकडे, वेलींच्या ओळींकडे, कुणी ओळखीचे येत असल्यासारखी पाहायची. आणि पहिला सूर इतक्या हलक्या हाताने ठेवायची, की माणसे आपापले पेलेसुद्धा आवाज न करता टेबलावर ठेवू लागत. ती अमेरिकेची जुनी गाणी होती. चंद्राची, नदीची, घरी न परतलेल्या माणसांची. मला त्यांतले एक अक्षर कळत नसे.

मी पंचवटीच्या बाजारातला भाजीचा आडत्या. शून्यातून उभा राहिलो तो गळ्याच्या जोरावर. कोथिंबिरीच्या ढिगाशी उभा राहून लिलाव पुकारला, की पलीकडच्या गाळ्यातली गिऱ्हाइके माझ्याकडे वळत. ताई माझ्याहून मोठी. आमची आई शरणपूर रोडवर एका निवृत्त नर्सबाईंकडे स्वयंपाकाला जायची तेव्हा ताई टेबलाखाली बसून मटार सोलायची, आणि बाईंच्या रेकॉर्डवरची गाणी तिच्या कानांत शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने भरत गेली. पुढे ती शाळेत शिकवू लागली, संसार केला, नवरा गेला. पण तिच्या चालण्यातली ती संथ, किंचित मागे रेंगाळणारी लय त्या टेबलाखालचीच राहिली.

"मराठीतली गाणी संपली का गं?" मी एकदा चिडून विचारले.

"यांत कुणी गळा काढत नाही रे, सुऱ्या. माणसं हरतात, पण कॉलर ताठ. दुःख कसं इस्त्री करून घातलेलं असतं."

"आणि मी काय करू, टाळ्या वाजवू?"

"तू कोथिंबीर वीक. माझं गाणं तेवढं जुडीच्या भावाने लावू नकोस."

तिच्या कार्यक्रमांची बोलणी तरीही मीच करायचो. ती नुसतीच हसून हो म्हणणारी. तिच्यासाठी भांडणारे कुणीतरी हवेच होते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या आवाजाला एक खरखर आली. जुन्या रेशमावरून बोट फिरवावे तशी. मी ज्येष्ठमध आणून दिला, तिने तो मुकाट्याने चघळला. अंगणात मात्र लोक वेडे झाले. "भाऊ, ताईंचा आवाज काय पिकलाय हो!" वायनरीचा मॅनेजर म्हणाला. त्या गाण्यांना म्हणे असाच आवाज शोभतो. शेवटचा सूर ती पूर्वीसारखा ओढत नसे, मधेच सोडून द्यायची. आणि त्या तुटलेल्या जागी ऐकणाऱ्यांचा श्वास अडकायचा. आम्ही सगळे एका आजाराला टाळ्या देत होतो.

नाताळ सरला आणि तिला बोलताना धाप लागू लागली. मी तिला जबरदस्तीने दवाखान्यात नेले. डॉक्टर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "यांना दिवाळीआधीच सांगितलं होतं, कॅन्सर आहे. तेव्हा किरणांचा शेक देऊन पाहता आला असता. गाण्याजोगा आवाज उरला असता याची खात्री नव्हती, पण बोलणं बहुधा राहिलं असतं. आता स्वरयंत्रच काढावं लागेल."

माझ्या कानांत बाजार बंद पडावा तशी शांतता झाली. जन्मभर ओरडलो मी, आणि घसा गेला तिचा? हा कुठला भाव?

व्हरांड्यात मी तिच्यावर उखडलोच. "मला का नाही सांगितलंस?"

"तू डॉक्टरांशी घासाघीस केली असतीस."

"केलीच असती!"

"म्हणूनच." त्या खरखरीत आवाजात ती शांतपणे म्हणाली, "हा एक हिवाळा मला मागतील त्या किमतीला हवा होता, सुऱ्या."

तो राग माझा अजून गेलेला नाही. ज्याने आयुष्यभर तिच्यासाठी भाव केला, त्याला या एका सौद्यात तिने विचारलेसुद्धा नाही.

शस्त्रक्रियेला आता वर्ष होत आले. ती आता गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेते. त्यावर पातळ सुती रुमाल असतो. परवा भल्या सकाळी तिच्याकडे गेलो. नाशिकची थंडी हाडांत शिरत होती. ती गच्चीत पाठमोरी उभी होती, रुमाल धुऊन दोरीवर टाकलेला. मी बाजूला जाऊन पाहिले. तिचे ओठ हलत होते, तोंडातून काहीच निघत नव्हते, आणि गळ्यातून वाफ येत होती. एक लांब फुंकर, दोन आखूड, मग एक मधेच सोडलेली. कोवळ्या उन्हात ती वाफ क्षणभर सोनेरी व्हायची आणि विरायची. ज्या गाण्याचा एक शब्द मला कधी कळला नव्हता, ते मी नुसत्या वाफेवरून ओळखले.

तिने मला पाहिले, पण थांबली नाही. अशा थंडीत उघडा गळा का, म्हणून मी ओरडायला तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. काळ माणसाकडून आवाज नेतो. गाणे नेण्याइतके लांब हात त्याचेही नसावेत, आणि आठवण म्हणजे कदाचित त्याच्या हाताला न लागलेला तेवढाच ऊबदार श्वास.