ओल्या फडक्याचा फोटो

जुन्या गाड्यांच्या आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे: सल्ल्याने गाडी सुरू झाली, की तसं लिहून कळवायचं. सहा वर्षं मी सल्ले देतोय, कळवत कोणीच नाही.

आज लाखनीजवळ माझीच गाडी तापून बंद पडली. "तुमसरच्या मेळाव्याले उशीर होऊन राहिला, गाडी तापली," एवढंच ग्रुपवर टाकलं.

लगेच नव्या आलेल्या भूषणने फोटो पाठवला: इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं. "काका, ही माही आयडिया. एवढंही येत नाही तं जुनी गाडी कायले ठेवता?"

फोटोत फडकं दाबणाऱ्या हाताला करंगळी नव्हती. माझी करंगळी रेडिएटरच्या पंख्यात गेली, त्याला वीस वर्षं झाली.

फडकं मी आधीच ठेवलं होतं. गाडी सुरू झाल्यावर ग्रुपवर लिहिलं, "सुरू झाली. धन्यवाद, भूषण."