आत उघडणारं गेट

आमच्या धंद्यात बदल कागदावर होत नाहीत, लोखंडावर खडूने होतात. नकाशा आला की तो भिंतीवरच्या खिळ्याला लटकतो. मग गिऱ्हाईक येतं, अर्ध्या झालेल्या कामावर रेघ ओढतं, आम्ही तसं करतो आणि वर रंग फासून मोकळे होतो. तीस वर्षं मी वेल्डिंग असंच केलं.

फुटबॉल स्टेडियमचं पूर्वेकडचं गेट माझ्याच हातचं. नकाशात ते बाहेर उघडत होतं. क्लबचे सेक्रेटरी वर्कशॉपमध्ये आले आणि म्हणाले, बाहेर उघडलं तर पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या? त्यांनी स्वतःच्या हाताने गेटवर आतल्या बाजूला बाण काढला, खडूचे हात झटकले आणि गेले. मी बिजागऱ्या फिरवल्या. वर हिरवा रंग दिला.

सहा वर्षांनी सेमीफायनलला छपराखालच्या वायरिंगमधून धूर निघाला. लोक पूर्वेच्या गेटकडे धावले. गेट आत ओढायचं तर पुढच्यांना पाऊलभर मागे सरकायला हवं होतं, आणि मागून हजार माणसांचा रेटा. एकोणतीस जण चेंगरून मेले. त्यात ताईचे यजमान, आमचे दाजी. आगीने कुणाचं बोटसुद्धा भाजलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी क्लबने जाहीर केलं की प्रेक्षक पिऊन आले होते, बेशिस्त होते. दाजी! जो माणूस बसच्या रांगेतसुद्धा कुणाला कोपर लागू देत नसे, तो म्हणे बेशिस्त. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई रडली नाही. ती मला एवढंच म्हणाली, "माझ्या माणसाला मवाली ठरवून फाइल बंद होऊ देऊ नकोस."

मी शब्द दिला आणि चौकशीत उभा राहून सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, बाण कुठे आहे? रंगाखाली, म्हटलं. त्यांनी खरोखर रंग खरवडायला लावला. खाली नुसतं लोखंड. सेक्रेटरींनी नकाशा पुढे सरकवला आणि अगदी कळवळून म्हणाले, कारागीर बिचारा, नकाशा वाचण्यात चुकला असेल.

अहवाल आला. प्रेक्षक निर्दोष, दोष वेल्डरचा. माझा परवाना गेला. आता म्हणे सगळ्या स्टेडियमची गेटं बाहेर उघडणार, ढकलली की खुलणार, आणि प्रत्येकाशी एक माणूस उभा राहणार. नियम चांगला आहे, कोण नाही म्हणतो? नव्या गेटची फीत सेक्रेटरींनीच कापली आणि सुरक्षिततेवर पाऊण तास बोलले. मेलेल्यांच्या घरच्यांना पहिली रांग राखून ठेवली होती.

ताई गेली नाही. अहवाल घेऊन मीच तिच्याकडे गेलो. खरं सांगायचं तर जरा ताठ मानेनेच गेलो. धंदा बुडाला, पण दाजींच्या नावावरचा डाग मी पुसला होता. ती पाठीवर हात ठेवेल असं वाटलं होतं. तिने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बिजागऱ्या फिरवताना तुला कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "कळलं होतं," मी म्हणालो. "गर्दी आली तर हे उघडणार नाही, असं तेव्हाच मनात आलं होतं."

"आणि तू काही बोलला नाहीस."

मी म्हणालो, एवढी मोठी माणसं, माझं कोण ऐकणार होतं?

"सेक्रेटरींचं नाही विचारत मी," ताई म्हणाली. "ह्यांना तरी सांगायचंस."

सहा वर्षं, प्रत्येक सामन्याला, दाजींना माझ्या स्कूटरवरून मीच त्या गेटापाशी सोडत होतो.