गावाचा रकाना

उज्ज्वलाने सत्तावीस कारागिरांची नावं बदलली होती. प्रबंधात एकाचंही खरं नाव नव्हतं. एम.ए. अर्थशास्त्राला पोचलेली उधन्याच्या त्या खानदेशी कारागिरांच्या गल्लीतली ती पहिलीच पोरगी. बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. गरिबाचं नाव कागदावर चढलं की त्याचं भलं क्वचितच होतं, एवढं तिला कुठल्या पुस्तकाने शिकवायची गरज नव्हती.

विषय गल्लीनेच दिला. बारा तासांच्या पाळीत माणूस अर्धा तास तरी आडवा होणारच. तेवढा वेळ शेजारचा कारागीर स्वतःच्या आठ लूमबरोबर त्याच्याही आठ सांभाळतो. मग हा उठतो, तो झोपतो. शेठला पत्ता नाही. हे शेजारच्या धुडकूकाकांनी तिला सांगितलं, कारण ती त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. बाकीचे काकांच्या भरवशावर बोलले.

गाईड योगेंद्र सर खूश झाले. तेही खानदेशचेच, कारागिराचा मुलगा, म्हणून तर तिने त्यांना निवडलं होतं. म्हणाले, "नावं काढलीस, उत्तम. पण गावाचा रकाना ठेव. स्थलांतर दिसलं पाहिजे. आणि काळजी करू नकोस, हे माझ्या कपाटाबाहेर जात नाही."

तिने रकाना ठेवला. प्रतिसादक क्रमांक सात, गाव बेटावद.

महिन्याभरात काकांच्या खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, कॅमेरे लागले. पाठोपाठ शेठच्या मुलाने काकांना बोलावलं. "बेटावद, तू सात नंबर ना? घरी जाऊन झोप आता."

खात्यात माणसाला नावाने कोणी हाक मारत नाही, गावाने मारतात, हे उज्ज्वलाला त्या दिवशी कळलं. बायका खात्यात जात नाहीत. घरी बाप वाल्मिक होता. लूमवर तो वीस वर्षं गावाच्या नावाने 'कापडणे' होता, आणि तिला ठाऊक नव्हतं.

शेठच्या मुलाला सात नंबर कुठून कळला, हेही लवकरच समजलं. दर रविवारी सर लीडरशिपचा कोर्स शिकवायचे. तिथे कारखानदारांची पोरं मोठमोठ्या गाड्यांतून यायची. सरांनी तिचा तक्ता रकान्यासकट पडद्यावर लावला होता.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती केबिनमध्ये गेली.

"तुम्ही शब्द दिला होता, सर."

"अगं, नाव कुठे घेतलं कोणाचं?"

"गाव होतं. खात्यात गावानेच हाक मारतात."

"मला शिकवतेस? माझ्या वडलांना जन्मभर नरडाणा म्हणायचे." बोलून गेले आणि चष्मा पुसायला लागले.

म्हणजे माहीत होतं. रकाना ठेव म्हणताना माहीत होतं.

"बस. थोडी मुत्सद्देगिरी शीक," ते सावरून म्हणाले. "पुढच्या वर्षी डिप्लोमसीचा कोर्स निघतोय, तिथे तुला शिकवायला घेतो. उद्या फक्त तोंड सांभाळ."

ती बसली नाही. कॉलेजात शिकवायचं हे तिचं आठवीपासूनचं स्वप्न होतं. त्या माणसाने तेच नेमकं हेरून पुढ्यात टाकलं, कुत्र्याला टाकतात तसं.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षक मालतीबाईंनी विचारलं, "सातवा प्रतिसादक फार मोकळं बोललाय. आज काय करतो तो?"

"घरी बसलाय. माझ्या प्रबंधामुळे काम गेलं त्याचं. तक्ता शेठच्या मुलाला सरांनी दाखवला. गावाचा रकाना सरांनीच ठेवायला लावला होता, आणि त्यावरून माणूस ओळखू येईल हे सरांना माहीत होतं."

सर हसले. "पोरगी भावनिक आहे, मॅडम."

मालतीबाईंनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग पुढचा प्रश्न विचारला, आलेखाबद्दल. उज्ज्वला पास झाली. डिप्लोमसीच्या कोर्सचं परत कोणी नाव काढलं नाही.

घरी आली तर काका ओट्यावर पिशवी भरत होते.

"तू नाव लपाडं, ते बरं कयं," ते खाली बघतच म्हणाले. "गाव कसाले लिखं वं माय?"

सरांनी सांगितलं म्हणून, असं म्हणायची तिला लाज वाटली.

"कामरेजले एक खातं भेटनं," काका म्हणाले. "त्यास्नी गाव इचारं. मी चोपडा सांगं."

साठ वर्षं बेटावदचा असलेला माणूस पिशवी उचलून निघाला. ती गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेली. त्यांनी वळून पाहिलं नाही.