एका रक्षापात्राची निवृत्ती

मी एक जुना ॲश-ट्रे आहे. शुद्ध भाषेत रक्षापात्र. विचारमग्न माणसाला माझ्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नाही. घरात मला ‘ते घाणेरडं’ म्हणतात.

मित्रांनो, पितळेचा पत्रा ठोकून मला घडवलं आणि मी एका पेंटरच्या टेबलावर आलो. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत. पट्टी न लावता सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रेघेआधी एक झुरका, रेघेनंतर एक. रेघेचं कौतुक लोक करत, राख मी सांभाळे. पानात हिरवं काही दिसलं की पेंटर ताट सरकवत. “हिरवा रंग डब्यातच बरा,” असं ते बायकोला, म्हणजे आमच्या आजींना, ऐकवत.

पुढे त्यांच्या नातीने सायकलदुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं. “पाटी आजोबाच रंगवणार. नाहीतर दुकान बिनपाटीचं!” पेंटरचे साडू सुतार. त्यांनी फळी करून आणली.

“साडूभाऊ, फळी मधेच वाकलीय.”

“माझी फळी?” साडूंनी पट्टी लावून दाखवली. “फळी सरळ आहे. तुमचंच काहीतरी वाकडं झालंय.”

“दाराची चौकटही वाकडीय. तीही तुमचीच!”

आजींनी पुढे होऊन पेंटरचा डावा डोळा तळहाताने झाकला. “आता?”

“वाकडी.”

उजवा झाकला. “आता?”

पेंटरनी आधी फळीकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे. “सरळ.”

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्यावर आजींनी सगळं मलाच उद्देशून सांगितलं. वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. धुराने ते काम आणखी सोपं केलंय. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली जपता येते. सिगरेट बंद. पालेभाज्या, फळं, मासे, रोजचं चालणं, आणि तपासणी चुकवायची नाही.

“आणि पाटी?” नातीने विचारलं.

“चांगल्या डोळ्याने रंगवीन,” पेंटर म्हणाले, “पण लवकर.”

त्या संध्याकाळी मला प्रथमच घासलं. माझ्या तळाशी फूल कोरलेलं आहे, हे मलाही तेव्हाच कळलं! पेंटर पहिला पालक पोलिसांत जबानी दिल्यासारखे जेवले. काही आठवड्यांनी मात्र ताट पुढे करून म्हणाले, “हिरव्याचा दुसरा हात मारा.” आजी इतक्या हसल्या की डाव हातातून पडला.

पाटी झाली. खालची रेघ अशी सरळ, की साडूंनी पट्टी लावून पाहिली आणि मुकाट्याने खिशात घातली. नात शिट्टी वाजवत अंगणभर फिरली.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातल्या मोठ्यांचा एकेक डोळा झाकून त्यांना चौकट दाखवा, आणि माझ्या भाईबंदांना रिकामं ठेवा. आम्हाला वाईट वाटत नाही.

हल्ली माझ्यात खिळे असतात. दुकान उघडलं त्या दिवशी मीही गेलो होतो. पाटी साडूंनी ठोकली.

ती वाकडी लागली आहे. या वेळी सगळ्यांनाच तशी दिसते.