मोठ्या डोळ्यांचा मुखवटा

मी एक जुना, निळ्या रबराचा मुखवटा आहे. मित्रांनो, ‘सहा वज्रवीर’ हा सिनेमा तुम्ही पाहिला नसेल. वाईट वाटून घेऊ नका, फारसा कोणीच पाहिला नाही. त्यात सहा महावीर मिळून जग वाचवतात, पण कशापासून, ते शेवटपर्यंत कळत नाही. ज्यांनी पाहिला ते घरी पोहोचेपर्यंत विसरलेसुद्धा.

पोशाख विभागातल्या शिंपीणबाईंनी मला घडवलं. खरं तर आम्ही जुळे. एक मुखवटा नायकाचा, बारीक आणि रुबाबदार डोळ्यांचा. दुसरा मी, डुप्लिकेटचा. नायकाऐवजी जो उड्या मारतो, त्याला तिथे डुप्लिकेट म्हणतात. पडायचं कुठे हे त्याला दिसायला हवं, म्हणून बाईंनी माझ्या डोळ्यांची भोकं कापून मोठी केली.

“पार घुबड झालं की हो याचं!” त्या म्हणाल्या.

“असू द्या, ताई. घुबडाला अंधारातही दिसतं,” माझा डुप्लिकेट हसला.

उंचावरून पडला की तो उजवा अंगठा वर करायचा. कॅमेऱ्यामागे त्याची गरोदर बायको उभी असायची. अंगठा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

सिनेमा सपशेल आपटला आणि माझी रवानगी पेटीत झाली. पुढे एकदा बाहेर कोणीतरी हळू आवाजात बोलताना ऐकलं. तो दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमासाठी पडला होता, आणि अंगठा वर आला नव्हता.

त्यानंतर पेटीत मी एकटा नव्हतो. माझ्या आत त्याचा श्वास होता. उडीआधी तो घ्यायचा तसा, खोल घेतलेला. तो कधी सुटायचाच नाही. मला फार भीती वाटायची.

वर्षं लोटली. एका दुपारी झाकण उघडलं. थकलेल्या शिंपीणबाई होत्या आणि सोबत त्याची मुलगी, आता चांगली मोठी झालेली.

“मावशी, अख्खा सिनेमा मला पाठ झालाय,” ती म्हणत होती. “पण मुखवट्याआड बाबा कधी आणि तो नट कधी, काही कळत नाही. आईला विचारलं की ती उठून आत जाते. शाळेत मुलं म्हणायची, हिचा बाप डुप्लिकेट. मला वाटायचं, म्हणजे खोटा.”

बाईंनी मला तिच्या हातात दिलं. “हे डोळे बघ. मोठे डोळे दिसले की तो तुझा बाबा.”

तिने मोबाइलवर सिनेमा लावला. बारीक डोळे आले, गेले. मग गच्चीवरून मोठे डोळे कोसळले. तो खाली आदळला, आणि त्याने अंगठा वर केला. तेवढा तुकडा खरं तर कापायचा होता, पण सगळं कामच गबाळं, तो तसाच राहून गेला. थिएटरात लोक त्यावर फिदीफिदी हसले होते.

“यावर तर मीपण हसायचे,” मुलगी पुटपुटली.

“अगं, तो तुझ्या आईला सांगतोय, मी बरा आहे म्हणून. आणि तू तेव्हा तिच्या पोटात होतीस.”

तिने चित्र तिथेच थांबवलं. मला चेहऱ्यावर चढवलं. तिचे ओले गाल मला आतून लागले. माझ्या मोठ्या भोकांतून ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने आपला उजवा अंगठा वर केला.

माझ्या आत अडकलेला श्वास तेव्हा सुटला.

मित्रांनो, पडलेल्या सिनेमाला खुशाल हसा. फक्त हसताना, त्यात खरोखर कोण पडलं होतं, तेही एकदा डोळे मोठे करून पाहा.