करंड्यातला मोती

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दुबलगुंडीत मारुतीच्या देवळापुढं नरसिंगअप्पा या फिरत्या भगतानं कुंकवाच्या लाकडी करंड्याचं झाकण काढलं. ओल्या वाळूतून अर्ध्या बोटाएवढं पालीचं पिल्लू उसळलं, पायरीवरून सरपटलं आणि भिंतीच्या फटीत शिरलं. मागं पांढरं फुटकं टरफल राहिलं.

"गेला! बघा, चार पायांनी गेला रोग!" नरसिंगअप्पा ओरडला.

दोनेकशे माणसांनी हात जोडले. सोजराबाई जमिनीवर डोकं टेकून रडू लागल्या. करंडा त्यांच्या लेकीचा, मंजुश्रीचा होता. मंजुश्री, वय सव्वीस, मागं खांबाला टेकून तोंडावर पदर धरून खोकत होती.

तिला क्षयरोग आहे. सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चार महिन्यांच्या झाल्या होत्या. नरसिंगअप्पा गावात आला तेव्हा तिचं वजन वाढायला लागलं होतं.

त्या दिवशी त्यानं तळहातावर वाटाण्याएवढा पांढरा मोती धरला होता. "सोनाराकडचा मोती मेलेला असतो. ह्यो जिता हाय," असं म्हणून त्यानं तो करंड्यात भरलेल्या ओल्या वाळूत अर्धा रोवला. "एक मंडल, अट्ठेचाळीस दिवस. करंडा हलवायचा न्हाई. मोती उलटायचा न्हाई. वाळू सुकू द्यायची न्हाई. आन् गोळ्या बंद. रोगाला दोन वाटा दावल्या की त्यो गोंधळतो."

आठव्या दिवशी त्यानं मोत्याला बाजूनं मोबाइलची बॅटरी लावली. आत गुलाबी उजेड आणि कोळ्याच्या धाग्यासारखी लाल नस दिसली.

"हे तुझ्या पोरीचं रगत, अक्का. रोग आत यायलाय."

सोजराबाईंनी उरलेल्या गोळ्यांचं पाकीट त्याच दुपारी चुलीत टाकलं. गावातली आशा कार्यकर्ती नेत्रावती नव्या गोळ्या घेऊन तीनदा दारात आली. तिन्ही वेळा तिला चहा मिळाला. मंजुश्री भेटली नाही.

त्याच आठवड्यात शाळेला सुट्टीतला चुना लावायचा होता. विज्ञान शिकवणाऱ्या विजयश्रीबाईंनी भिंतीवरचा जुना नकाशा उतरवला आणि मागच्या लाकडी पट्टीवर दोन पांढरे मोती सापडले. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली. गाव सांगत होतं तीच गुलाबी झाक, तीच लाल नस.

पालीची अंडी त्यांनी ओळखली. पण गावाला नुसतं सांगून भागणार नाही, हेही ओळखलं. वाळू तव्यावर भाजून गार केली, मुठीत गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकीच भिजवली. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याला दोन भोकं पाडली. अंड्यांची वरची बाजू वरच राहावी म्हणून पेन्सिलीनं बारीक खूण केली, कारण आतल्या पिल्लाची जागा एकदा ठरली की अंडं उलटल्यावर ते दगावू शकतं. डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर, शेगडीपासून लांब ठेवला. रोज सकाळी तापमान वहीत लिहिलं, बहुतेक दिवशी एकोणतीस किंवा तीस. दर चार दिवसांनी कडेच्या वाळूवर चमचाभर पाणी टाकलं, अंड्यावर थेंबही नाही. नरसिंगअप्पाचे सगळे नियम त्यात होते. फक्त गोळ्यांचा नव्हता.

रविवारी पहाटे एक अंडं फुटलं.

त्याच मंगळवारी त्या डबा घेऊन देवळापुढं आल्या. अप्पानं पाच घरांचे एकूण पाच करंडे उघडले होते. तीन करंड्यांतले मोती फुटले होते, दोन तसेच होते. त्या दोन घरांना तो सांगत होता, "मनात संशय घेतलात."

"संशय न्हाई, अंडी खराब झाली," विजयश्रीबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला. तसंच टरफल, तसंच पिल्लू. शेजारी दुसरं अंडं, त्याला बाजूनं बॅटरी, आत नस. "हे माझ्या घरी झालं. माझ्या घरात कुणी आजारी न्हाई. मग ह्यात कुणाचा रोग आला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय की."

नरसिंगअप्पा डब्यात वाकून बघू लागला. मग त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला.

"मी बारा वर्षं सेवा केली तवा मला जमलं. बाईला पयल्याच खेपेला! हाताला सिद्धी हाय."

गर्दी बाईंकडं वळली. कुणीतरी त्यांच्या पाया पडलं.

"अवो, वाळू हाय ही! ऊब हाय!" त्या ओरडत राहिल्या. मग सोजराबाईंजवळ गेल्या. "अक्का, मंजूच्या गोळ्या सुरू करा. आजच."

"रोग गेलेला समद्यांनी बघितला, बाई. आता गोळी कामून?"

"ती खोकायली बघा."

"वाट मोकळी व्हायलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात तीन बायका रिकामे करंडे घेऊन उभ्या होत्या. बाईंनी वही दाखवली, तापमानाचे आकडे वाचून दाखवले. त्यांतल्या वच्छलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "असा गुण लपवून ठिवू न्हाई, बाई. माझ्या गुडघ्याचं तेवढं बघा."

पाल अंड्यातून येते. तिला ऊब, ओल आणि स्थिर जागा लागते, एवढ्यावर ती कोणाच्याही घरात जन्मते. क्षयाचे जंतू औषधानं मरतात, आणि औषध अर्ध्यावर सोडलं तर पुढं त्याच औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. यात मानायचं काही नाही, दोन्ही तपासून बघता येतं. वाचणाऱ्यानं करंड्यात काय आहे ते जरूर बघावं, पण त्यासाठी गोळी थांबवू नये.

गुरुवारी आई शेतात गेल्यावर मंजुश्री एकटी नेत्रावतीच्या घरी आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. वजन पुन्हा पाच किलोनं उतरलं होतं.

"अक्का, रोग गेला आसंल तर मला आजून ताप कामून येतोय?"

नेत्रावतीनं थुंकीचा नमुना घेतला आणि हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यात तपासायला पाठवला. जुन्या गोळ्या अजून लागू पडतात की नाही, ते त्यातून कळेल.

"आईला सांगू नका," जाताना मंजुश्री म्हणाली. "ती टरफलाला रोज हळदकुंकू लावायलीय."

नरसिंगअप्पा शुक्रवारी मंठाळ गावात दिसल्याचं लोक सांगतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत अहवाल आलेला नाही.