आडवा येणारा उभा खांब

मित्रांनो, लोक माझ्यावर आपटतात आणि वर माझ्याकडेच रागाने बघतात. जणू मीच चालत जाऊन त्यांच्या कपाळाला भिडलो! खरे तर गेल्या एकतीस वर्षांत मी जागचा तसूभरही हललेलो नाही. फक्त एकदा जरासा दबलो, आणि तेवढ्याने केवढा गोंधळ झाला तेच आज सांगणार आहे. मी एक जुना खांब आहे. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, अगदी मधोमध माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कागदावर झाला. इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्या इंजिनिअरबाईंनी बरीच आकडेमोड करून नकाशावर एक काळा चौकोन काढला. तोच मी. घरमालकांनी नकाशा पाहिला आणि नेमके माझ्यावर बोट ठेवले.

"हे काय?"

"खांब."

"पण मला इथे मोकळा हॉल हवाय. याला जरा भिंतीकडे सरकवा ना."

"सरकवते," बाई शांतपणे म्हणाल्या. "वरचे तीन मजलेही त्याच्याबरोबर सरकवू या का?"

"बरं, निदान बारीक तरी करा."

"वर कोण कोण राहणार आहे?"

"आम्ही सगळे. शिवाय माझे मेहुणे आणि त्यांचं कुटुंब."

"मेहुणे अंगाने कसे आहेत?"

मालकांनी मेहुण्यांना डोळ्यांपुढे आणले आणि विषय सोडून दिला. मग बाईंनी त्यांना पेन्सिलीने रेघा मारून दाखवल्या. वजन छतावरून तुळईवर येते, तुळईवरून खांबावर, खांबातून इमारतीच्या पायात आणि तिथून जमिनीत. "वजन कुठे नाहीसं होत नाही हो. ते फक्त खाली जातं. त्याची वाट मोकळी ठेवायची, एवढंच माझं काम."

पुढे माझ्या सळ्या उभ्या राहिल्या. सळ्यांभोवती लोखंडाच्या कड्या बांधतात. बाईंनी त्या खाली बसून एकेक मोजल्या.

"दोन कमी आहेत."

"दोनच तर आहेत, मॅडम!" मुकादम म्हणाला. तो चांगला भरदार माणूस होता.

"तुमच्या शर्टाची मधली दोन बटणं काढून द्याल?"

मुकादमाने खाली पाहिले. तिथली बटणे आधीच जीव मुठीत धरून होती. सळ्या बाहेर का फुगतात आणि कड्या त्यांना कशा आवळून धरतात, हे त्याला त्या क्षणी जेवढे कळले तेवढे पुस्तकातूनही कळले नसते. दोन कड्या निमूटपणे बांधल्या गेल्या. मग माझ्यात काँक्रीट ओतले, ओले गोणपाट गुंडाळून मला कित्येक दिवस भिजत ठेवले, आणि माझ्या डोक्यावर संसार चढू लागले.

कामाची वर्षे बरी गेली. कौतुक मात्र कुणी केले नाही. लोक फरशीला छान म्हणतात, पडद्याला छान म्हणतात. खांबाला "अहाहा" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तळमजल्यावर आधी एक शिंपीकाका होते. त्यांनी माझ्या अंगावर उंच आरसा लावला. त्यात बघून गिऱ्हाईक स्वतःवर खूश व्हायचे आणि मला वाटायचे, माझ्यावरच झाले. त्यानंतर नृत्याचा वर्ग आला. नृत्याच्या बाई मला सारख्या बोल लावायच्या. पण शेवटच्या रांगेतल्या एका मुलीचा माझ्यावर फार जीव होता. तिला पुढची पावले आठवली नाहीत, की ती गिरकी घेत माझ्यामागे यायची आणि आठवल्यावरच बाहेर पडायची.

वर्ग बंद झाला आणि मालकांच्या जावईबापूंनी तिथे सोफ्यांचे दुकान काढायचे ठरवले.

"गिऱ्हाइकाची नजर दारातून थेट शेवटच्या सोफ्यापर्यंत गेली पाहिजे," ते सासूबाईंना म्हणाले. "हा मधेच आडवा येतो."

"आडवा कुठे? उभाच तर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि काही करायचं असेल तर इंजिनिअरबाईंना एकदा विचारा."

"विचारलं तर त्या नाही म्हणतील, आई. म्हणूनच विचारायचं नाही."

त्यांनी आणलेल्या ठेकेदाराला सगळे 'होऊनजाईल' म्हणत. काहीही विचारा, त्याचे उत्तर तेच. त्याने माझ्यावर बोटाने टकटक केले, कान लावला आणि निदान केले, "शोभेचा आहे. होऊन जाईल."

एकतीस वर्षे तीन मजले उचलून धरल्यावर शोभेचा! मला रागही आला आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक वर आंघोळीला गेले आणि खाली फोडायचे मशीन सुरू झाले. आधी माझे प्लास्टर गेले. मग एका बाजूचे मांस गेले आणि सळ्या उघड्या पडल्या. मित्रांनो, खांबाला ओरडता येत नाही. त्याला फक्त भेग पाडता येते. मी दबलो, माझ्यावरची तुळई किंचित वाकली आणि थेट माझ्या डोक्यावरच्या न्हाणीघराची चौकट तिरकी झाली.

"अगं, दार उघडत नाही!" वरून मालकांचा आवाज आला.

"कडी काढा!" मालकीणबाई.

"काढली!"

"मग ओढा!"

"ओढतोय! आणि इथे फरशीला भेग गेलीय. काल नव्हती ही! खाली काय चाललंय?"

जावईबापू जिन्यातूनच म्हणाले, "काही नाही, बाबा. खांब जरा कमी करतोय."

मग मालक असे ओरडले, की मशीन चालू असूनही सगळ्यांना ऐकू गेले. "थांबवा ते! मॅडमना फोन करा!"

मालकीणबाईंनी फोन लावला. इंजिनिअरबाईंनी पुरते ऐकूनही घेतले नाही. "मशीन बंद करा. सगळे इमारतीबाहेर पडा. कपाटं उघडत बसू नका. मी निघालेच."

"अहो, पण हे आत साबणात आहेत!"

"साबणासकट काढा!"

होऊनजाईलने पहारीने दार फोडले. पाच मिनिटांत सगळे बिऱ्हाड रस्त्यावर होते. मालक टॉवेलवर होते, कानात फेस होता. पण त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. ते वर बघत माणसे मोजत होते. दोनदा मोजली. घरातले अकराही जण बाहेर होते.

बाई आल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. त्यांनी आधी दारातूनच माझ्याकडे आणि तुळयांकडे नीट पाहिले. मग बाहेरून आत येत, एकेक करत, तुळयांखाली लोखंडी टेकू लावून घेतले. माझ्या अंगावरचा भार हलका झाला, तेव्हा कुठे मला हायसे वाटले.

जावईबापू खाली मान घालून उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, "खांब काढता येतोसुद्धा. पण आधी हिशेब करायचा, वजनाला दुसरी वाट करून द्यायची, मग याला हात लावायचा. तुम्ही वाट आधी बुजवलीत."

"मला वाटलं, एवढा एकच तर खांब आहे..."

"वर माणसं अकरा आहेत."

जावईबापूंनी बाहेर उभ्या असलेल्या घोळक्याकडे पाहिले. त्यांची स्वतःची मुलगी त्या दिवशी आजोळी राहायला आली होती.

दुरुस्तीला दीड महिना लागला. तेवढे दिवस सगळे बिऱ्हाड जावईबापूंच्या दोन खोल्यांत राहिले. मेहुणे दुकानासाठी आणलेल्या नव्या सोफ्यावर झोपले, आणि तो सोफा पुढे विकण्याजोगा उरला नाही. इकडे बाईंनी माझा पाया तपासला, माझ्याभोवती नव्या सळ्या आणि नवे काँक्रीट चढवले. मला नाहीसे करायला निघालेल्यांनी मला दीडपट जाड करून ठेवले!

गेल्या आठवड्यात मालकांना गच्चीवर पाण्याची मोठी टाकी बसवायची लहर आली. टाकीवाला दारात उभा होता. मालकांनी आधी फोन उचलला. "मॅडम, टाकी ठेवायची म्हणतोय. वजन झेपेल का?" तिकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. मालक टाकीवाल्याला एवढेच म्हणाले, "दोन दिवस थांबा. मॅडम बघून जातील."

मित्रांनो, खांबाला याहून अधिक काय हवे असते? काही पाडायच्या आधी, काही चढवायच्या आधी, ज्याला वजनाची वाट ठाऊक आहे त्याला एकदा विचारत जा. बाकी उभे राहण्याचे माझ्याकडे लागले.